रिवाज कोणाचा, भार कोणावर?

"आमच्यात असंच असतं." आपल्या घराघरांत रोज ऐकू येणारे हे तीन शब्द. लग्नात मानपान कोणाचा, सुनेने कोणापुढे बसायचे, विधवा आत्याने हळदीला पुढे यायचे की मागे राहायचे, या साऱ्या प्रश्नांना हे एकच उत्तर असते. ते दिले की देणाऱ्याला आणखी काही सांगावे लागत नाही आणि विचारणाऱ्याने आणखी काही विचारायचे नसते.

याच तीन शब्दांना जगाच्या व्यासपीठावर मोठे नाव आहे. विद्वान मंडळी त्याला संस्कृतीसापेक्षतावाद म्हणतात. प्रत्येक समाजाचे चांगले-वाईट त्या समाजाच्या संस्कृतीतून ठरते, बाहेरच्याने आपली फूटपट्टी घेऊन तेथे जाऊ नये, असे त्याचे म्हणणे. याच्या समोर उभा आहे सार्वत्रिकतावाद. माणूस मुंबईचा असो की टोकियोचा, कोणत्याही धर्माचा असो, काही हक्क त्याला केवळ माणूस म्हणून असतात आणि कोणतीही रूढी ते हिरावू शकत नाही, असे हा विचार सांगतो.

शब्द जड आहेत, पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. ज्या समाजाला शेकडो वर्षे "आमच्यात असंच असतं" असे सांगून पाण्यापासून, शाळेपासून आणि देवळापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. म्हणूनच त्याचे उत्तर आपल्याला पाठ आहे असे आपण धरून चालतो. पण हे उत्तर वाटते तितके सोपे नाही, आणि शेवटी ते आपल्याच दाराशी येऊन उभे राहते. ते कसे, हे पाहू या.

महाडचा दावा

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर गेलेल्या पावलांची गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते. त्या पावलांमागून जो कोर्टाचा दावा आला, त्याची गोष्ट मात्र घरात फारशी सांगितली जात नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही स्पृश्य मंडळींनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. दाव्यात त्यांनी काय म्हटले? "आम्हाला ही माणसे नकोत," असे म्हटले नाही. तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याचे पाणी न घेण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे म्हटले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी संस्कृतीचा हक्क मागितला! तात्पुरता मनाई हुकूमही त्यांना मिळाला.

दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले आहे आणि जी रूढी अनादी म्हणून सांगितली जाते ती अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. रूढीला तिचे वय विचारले आणि पुरावा मागितला, तेव्हा ती कोर्टात टिकली नाही.

हा आपला विजय होताच. पण त्यातून एक प्रश्न उरतो. समजा, त्या मंडळींनी जुनी कागदपत्रे आणून ती रूढी खरोखरच हजार वर्षांची आहे असे सिद्ध केले असते, तर? तर तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे योग्य ठरले असते काय? रूढी जुनी की नवी, हे शोधून न्याय मिळत नाही. रूढीच्या वर काहीतरी असावे लागते. ते वरचे काहीतरी लिहून काढण्याचे काम अकरा वर्षांनी झाले, दिल्लीत आणि पॅरिसमध्ये, जवळजवळ एकाच वेळी.

१९४८ सालचे बारा दिवस

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीत संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. मसुद्यात त्याचा क्रमांक ११ होता. आज आपण त्याला कलम १७ म्हणून ओळखतो. त्यानंतर २ डिसेंबरला बाबासाहेब त्याच सभागृहात धर्म आणि व्यक्तिगत कायदे यांच्यावर बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की या देशात धर्माची कल्पना इतकी पसरट आहे की जन्मापासून मरणापर्यंतचे सारे काही तिच्यात येते. ते सगळेच धर्म म्हणून सोडून दिले तर सामाजिक सुधारणा जागच्या जागी थांबेल. म्हणून श्रद्धा आणि खऱ्या अर्थाने धार्मिक असलेले विधी, एवढ्यापुरतीच धर्माची व्याख्या ठेवली पाहिजे. आज संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्मस्वातंत्र्य आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. धर्म मोकळा आहे, पण माणसाच्या हक्कांच्या डोक्यावर तो बसू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. हा जाहीरनामा गोऱ्या लोकांनी लिहिला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. मसुदा तयार करणाऱ्यांत चीनचे चँग होते, लेबनॉनचे मलिक होते आणि भारताच्या हंसा मेहता होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमाच्या मसुद्यात "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असा शब्द होता. "पुरुष म्हटले की स्त्री त्यात आलीच," ही सबब हंसाबेनना मान्य नव्हती. त्यांनी आग्रह धरला आणि तेथे "सर्व मानव" आले. जगातल्या प्रत्येक स्त्रीला त्या कलमात जागा मिळाली ती या भारतीय बाईच्या आग्रहाने.

जाहीरनाम्याच्या बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ राहिले. त्यांतले सहा सोव्हिएत गटातले. सातवा दक्षिण आफ्रिका, जेथे त्याच वर्षी वर्णभेदी पक्ष सत्तेवर आला होता. आठवा सौदी अरेबिया. त्याचा एक मोठा आक्षेप धर्म बदलण्याच्या हक्कावर होता; हे आमच्या संस्कृतीत बसत नाही, असे त्याचे म्हणणे. पण त्याच इस्लाम धर्माचे पाकिस्तानी परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी कुराणाचाच आधार देऊन या हक्काला पाठिंबा दिला.

धर्म एक, ग्रंथ एक, आणि उत्तरे दोन! ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. "आमची संस्कृती असे सांगते," असे कोणी म्हणतो तेव्हा संस्कृती स्वतः बोलत नसते. तिच्या नावाने कोणीतरी माणूस बोलत असतो. पुढे आठ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धर्म बदलला. तेव्हा पॅरिसच्या कागदावरचा हक्क दीक्षाभूमीवर चालून दाखवला गेला.

दुसऱ्या बाजूचेही ऐकू

एकाच बाजूचे ऐकून निकाल देणे ही आपली रीत नव्हे. सापेक्षतावाद सांगणारे सगळेच लबाड होते, असे समजणे चूक ठरेल. १९४७ साली, जाहीरनामा तयार होत असतानाच, अमेरिकेच्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना एक निवेदन पाठवले. युरोप-अमेरिकेची मूल्ये साऱ्या जगाची मूल्ये म्हणून लादली जातील, अशी भीती त्यात होती. ही भीती पोकळ नव्हती.

कॅनडाचे उदाहरण घ्या. तेथे 'सुधारणा' करण्याच्या नावाखाली शंभराहून अधिक वर्षांत मूळनिवासींची सुमारे दीड लाख मुले निवासी शाळांत नेऊन ठेवली गेली. त्यांची भाषा आणि त्यांचे विधी मोडून काढण्यात आले. मुले परत आली तेव्हा आजीशी बोलायला त्यांच्याकडे शब्द उरले नव्हते. तेथील सरकारने २००८ साली माफी मागितली. 'आम्ही सुसंस्कृत, तुम्ही रानटी,' असे म्हणत जे जे केले गेले, ते माणुसकीच्याच नावाने केले गेले.

तेव्हा संस्कृतीला संरक्षण हवेच. आपल्याला तर ते अधिक हवे. आपले खाणे, आपली गाणी, आपली बोली, आपली वंदना यांवरून नाके मुरडणारे कमी आहेत काय? शहरात खोली भाड्याने घ्यायला गेले की अजूनही काही ठिकाणी आधी आडनाव आणि मग स्वयंपाक विचारला जातो. घरमालकाने स्वतः काय खावे हा त्याचा रिवाज. पण त्या रिवाजाच्या नावाने दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर काढून घेतले जाते, तेव्हा भार दुसऱ्याच कोणावर पडतो.

१९९३ साली हा वाद पुन्हा पेटला. एप्रिलमध्ये बँकॉकला जमलेल्या आशियाई सरकारांनी मानवी हक्कांचा विचार करताना प्रत्येक प्रदेशाचा इतिहास, संस्कृती आणि धर्म ध्यानात घ्यावा, असे जाहीर केले. जूनमध्ये व्हिएन्नाच्या जागतिक परिषदेत १७१ देशांनी एकमताने तोडगा काढला. सर्व मानवी हक्क सार्वत्रिक आहेत. संस्कृती आणि इतिहास लक्षात जरूर घ्यावेत, पण कोणतीही राज्यव्यवस्था असो, हे हक्क जपणे हे प्रत्येक सरकारचे कर्तव्य आहे. अमेरिकेच्या त्या मानववंशशास्त्रज्ञांनीही १९९९ मध्ये मानवी हक्कांना उघड पाठिंबा दिला.

कागदावर वाद मिटला. पण कागदावर मिटलेली भांडणे माणसांत मिटत नाहीत. आता आपण एका बौद्ध देशात जाऊ. इथपर्यंत बोट दुसऱ्यांकडे होते. इथून पुढे ते आपल्या धर्मबांधवांकडे वळते.

थडग्यावरचे नाव

जपानमध्येही आपल्यासारखाच एक समाज आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, देहदंडाच्या शिक्षेची कामे करणे, हे त्याच्या वाट्याला आलेले व्यवसाय. त्यांना 'एता', म्हणजे मळाने भरलेले, आणि 'हिनिन', म्हणजे माणूस नसलेले, असे म्हणत. त्यांच्या वस्त्या गावापासून वेगळ्या. १८७१ साली सरकारी हुकमाने ही नावे रद्द झाली, पण वस्ती तीच राहिली आणि विटाळही तोच राहिला. आज त्यांना बुराकू समाज म्हणतात. ३ मार्च १९२२ रोजी, म्हणजे महाडच्या पाच वर्षे आधी, क्योतोला या समाजाने 'सुइहेशा' ही संघटना स्थापन केली. या नावात पाण्याच्या समपातळीचा अर्थ आहे: पाणी जसे सर्वत्र एका पातळीत राहते, तशी माणसे. त्यांनी पाण्याचे नाव घेतले, आपण पाण्याला हात लावला!

हा समाज बौद्ध होता. तो देवळात जात होता, दान देत होता. आणि देऊळ त्याला काय देत होते?

जपानी बौद्धांमध्ये माणूस वारल्यावर भिक्षू त्याला नवे धर्मनाव देतो. त्याला 'काइम्यो' म्हणतात. अस्थी ठेवलेल्या जागेवरच्या दगडावर ते कोरतात, घरातल्या स्मृतिपाटीवर लिहितात, मंदिराच्या नोंदवहीत उतरवतात. मेलेल्या माणसाचा तो शेवटचा मान. पण बुराकू समाजातला माणूस वारला की कित्येक मंदिरांतून त्याच्या नावात 'पशू', 'कातडे', 'हीन', 'दास' अशा अर्थाची अक्षरे घातली जात. काही नावांत 'सेंदारा' हा शब्द सापडला. हा शब्द जपानी नाही. तो आपल्याकडचा 'चांडाळ'! ग्रंथांबरोबर भारतातून चीनला आणि चीनमधून जपानला गेलेला. येथे ज्या शब्दाने माणसाला जिवंतपणी जाळले, तोच शब्द तेथे त्याच्या थडग्यावर कोरला गेला. कित्येक कुटुंबांना त्या अवघड अक्षरांचा अर्थही ठाऊक नव्हता. ती त्या दगडापुढे फुले ठेवीत होती, उदबत्ती लावीत होती.

आणि हे केवळ मेलेल्यांपुरते नव्हते. अशा नोंदींवरून घराण्याचा माग काढता येई. लग्न ठरण्यापूर्वी किंवा नोकरी देण्यापूर्वी खासगी हेर लावून माणसाचे मूळ शोधण्याची रीत तेथे होती. १९७५ साली तर बुराकू वस्त्यांची यादी असलेली पुस्तके कंपन्यांना विकली जात असल्याचे उघडकीला आले.

१९७९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्म आणि शांतता या विषयावर जागतिक परिषद भरली. तेथे जपानच्या सोतो झेन पंथाचे प्रमुख कारभारी माचिदा मुनेओ यांनी जपानमध्ये असा भेदभाव नाही असे सांगितले आणि अहवालातला बुराकूंचा उल्लेख काढायला लावला. देशाच्या अब्रूचा प्रश्न होता! आपल्या घरातली गोष्ट जगापुढे कशाला, ही भाषा आपण कोठे ऐकली आहे, हे वेगळे सांगायला नको.

बुराकू मुक्ती संघटना गप्प बसली नाही. तिने माचिदा आणि त्यांच्या पंथाला समोर बसवून जाब विचारला. पुन्हा पुन्हा विचारला. तेव्हा पंथाने मृतांच्या नोंदवह्या आणि थडगी तपासायला घेतली, आणि जे नाही म्हणून जगाला सांगितले होते ते आपल्याच मंदिरांत सापडले. १९८४ साली नैरोबीच्या पुढच्या परिषदेत माचिदा यांनी आपले विधान चुकीचे होते असे जाहीरपणे सांगून क्षमा मागितली. पंथाने मानवी हक्कांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, आणि अपमानकारक नावे बदलण्याचे काम सुरू झाले. डिसेंबर २०१६ मध्ये जपानच्या संसदेने बुराकू भेदभाव नाहीसा करण्यासाठी कायदाही केला. भेदभाव अजून आहे, याची ती सरकारी कबुलीच होती.

या प्रकरणात एक बाब लक्षात घ्या. बुराकू समाजाने जपानची संस्कृती फेकून दिली नाही. त्यांनी पूर्वजांचे दगड उखडले नाहीत, नाव देण्याची प्रथा बंद करा असेही म्हटले नाही. आमच्या आईबापांना माणसाचे नाव द्या, एवढेच म्हटले. १९२२ चा त्यांचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा बुराकू वस्तीतल्या बौद्ध मंदिराचाच मुलगा होता. न्याय मागणारा आवाज बाहेरून आला नव्हता. तो त्याच संस्कृतीच्या पोटातून आला होता. फक्त त्याला आजवर कोणी संस्कृती म्हटले नव्हते.

चीवर कोणाला?

श्रीलंकेत १७५३ साली सयामहून भिक्षू आणून उपसंपदेची खंडित परंपरा पुन्हा सुरू झाली. त्यातून सयाम निकाय निर्माण झाला. पण थोड्याच वर्षांत त्यात उच्च समजल्या जाणाऱ्या गोविगम जातीलाच प्रवेश राहिला. तथागतांनी उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, सुनीत भंग्याला संघात घेतले, आणि त्यांच्याच संघाच्या दारावर जातीची कडी! तेव्हा इतर जातींच्या श्रामणेरांनी समुद्र ओलांडला. ते १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशातील अमरपूर येथे जाऊन उपसंपदा घेऊन आले. त्यातून अमरपूर निकाय उभा राहिला.

स्त्रियांचे तसेच. थेरवादी देशांत भिक्खुनी संघाची परंपरा सुमारे हजार वर्षांपूर्वी खंडित झाली. ती पुन्हा सुरू करायची तर उपसंपदा द्यायला आधीच्या भिक्खुनी हव्यात, आणि त्या तर नाहीत. म्हणून स्त्रीला भिक्खुनी होता येणार नाही, असे सांगितले जाई. थायलंडमध्ये १९२८ साली दोन बहिणींनी चीवर घेतले. त्यांना अटक झाली, आणि कोणत्याही भिक्षूने स्त्रीला दीक्षा देऊ नये असा आदेश तेथील संघप्रमुखांनी काढला. कारण? "आमच्यात असंच असतं."

पण परंपरेचे पान थोडे मागे उलटले तर काय दिसते? पाचव्या शतकात सिंहलद्वीपाच्या भिक्खुनी जहाजाने चीनला गेल्या होत्या आणि त्यांनी तेथील स्त्रियांना उपसंपदा दिली होती. ती परंपरा चीन, तैवान, कोरियात जिवंत राहिली. तोच दिवा १९९० च्या दशकात परत आणला गेला. १९९६ साली सारनाथला आणि १९९८ साली बोधगयेला श्रीलंकेच्या स्त्रियांनी उपसंपदा घेतली, आणि त्याच वर्षी श्रीलंकेतील दंबुल्ला येथेही ती देण्यात आली. थायलंडच्या प्राध्यापिका छत्सुमर्न कबिलसिंग यांनी २००१ मध्ये श्रीलंकेत श्रामणेरी दीक्षा आणि २००३ मध्ये उपसंपदा घेतली. आज त्या भिक्खुनी धम्मानंदा म्हणून ओळखल्या जातात.

केसपुत्तच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, की प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, तर आम्ही कोणाचे मानावे? परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. त्याने कोणाचे अहित होते आणि कोणाचे हित, हे तुम्ही स्वतः पारखा, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. अडीच हजार वर्षांपूर्वी, आशियात, गंगेच्या खोऱ्यात दिलेले हे उत्तर आहे. मानवी हक्क पश्चिमेकडून आले असे सांगणाऱ्यांना आपण ते अवश्य ऐकवावे.

जगापुढे घरचे गाऱ्हाणे

१९४६ सालच्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्या जनतेचे थोर विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतील निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. घरात न्याय मिळाला नाही तर जगाच्या दारात जाता येते, हा विचार त्यांनी तेव्हाच केला होता.

१९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि वर्णाबरोबर 'जन्मकुळ' या अर्थाचा शब्दही आहे. तो भारताच्याच सूचनेवरून घातला गेला. पण २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबानच्या परिषदेत दलित प्रतिनिधी जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भारत सरकारची भूमिका राहिली. अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. मात्र पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्या कराराच्या समितीने जन्मकुळावरून होणाऱ्या भेदभावात जातही येते असे स्पष्ट केले. २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. आपली माणसे सातासमुद्रापार गेली, तशी जातही गेली होती.

आपल्या घरातली फूटपट्टी

आता मुद्दा आपल्यापाशी येतो. जी फूटपट्टी आपण जिनिव्हाला आणि दरबानला घेऊन गेलो, ती घरी आल्यावर कपाटात ठेवायची काय?

कोणत्याही रिवाजाला चार प्रश्न विचारावेत. पहिला, याचा भार कोणावर पडतो? दुसरा, ज्याच्यावर पडतो त्याला बोलता येते काय? तिसरा, त्याने नाही म्हटले तर त्याचे काय होते? आणि चौथा, रिवाजाची थोरवी सांगणारा माणूस त्याच्याशी जागा बदलायला तयार आहे काय?

पांढरी साडी नेसून वंदनेला जाणारी बाई आनंदाने जाते, आणि एखादे दिवशी रंगीत नेसली तर तिला कोणी बोलत नाही. तो रिवाज राहू द्या. त्याला कायद्याची गरज नाही. पण बौद्ध म्हणून जोडलेल्या स्थळात पोटजात विचारली जाते, मुलीने स्वतः जोडीदार निवडला तर समाजाची बैठक बसते, विधवा आईला मुलाच्या मंगल परिणयात मागच्या रांगेत बसवले जाते. तेथे हे चार प्रश्न विचारून पाहा. विहाराच्या कमिटीत किती स्त्रिया आहेत, हेही मोजून पाहा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नाही म्हणणाऱ्याला वाळीत टाकले जात असेल, तर तो रिवाज राहत नाही, ती कैद होते. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला; बहिष्काराचा अधिकार हा धर्माचा भाग मानला. सरन्यायाधीश सिन्हा मात्र वेगळे पडले. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी ओळखले होते. २०२३ मध्ये न्यायालयाने तो जुना निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान जातपंचायतींचा जाच पाहून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो २०१७ मध्ये अंमलात आला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा सर्व जातिधर्मांना लागू आहे. आपल्यालाही.

बंधू-भगिनींनो, संस्कृती टाकून द्या असे कोणी सांगत नाही. बुराकू बांधवांनी पूर्वजांचा दगड ठेवला, फक्त त्यावरचे नाव बदलून घेतले. श्रीलंकेच्या स्त्रियांनी चीवर तेच घेतले, फक्त ते आपल्याही अंगावर असावे म्हटले. आपल्या पूर्वजांनी तळे तेच ठेवले आणि त्याच्या पाण्यावर आपला हक्क सांगितला.

तेव्हा घरात पुढच्या वेळी कोणी "आमच्यात असंच असतं" म्हटले, तर रागावू नका. घरात जी सगळ्यांत कमी बोलते, तिच्याकडे वळा आणि विचारा, "तुला काय वाटतं?" ती काय म्हणेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. 'आमच्यात' या शब्दात तीही आहे.